दोन नोव्हेंबर, घणसोली

टेकडीखाली आमचं कब्रस्तान, केमिकल कंपनीच्या मागे.
सिडकोनं प्लॉट एकच दिला, मंडळ्या सात.
अकरा वर्षं भांडून आम्ही तो वाटून घेतला :
गेटाजवळ कॅथलिक, नळाजवळ मेथडिस्ट,
मार्थोमांची ओळ पट्टीनं आखल्यासारखी,
आणि पार मागे, दगडखाणीच्या अंगाला, जिथे कुदळ उसळते,
तिथे पेंटेकॉस्टल. ते म्हणाले, चालेल,
आम्हांला फार दिवस राहायचं नाही.

मी सेक्रेटरी. एलिशा उजागरे, निवृत्त, पोस्ट खातं.
चाव्या माझ्याकडे, रजिस्टर माझ्याकडे.
कोण कुठे झोपलंय
हे देवाखालोखाल मलाच ठाऊक.

यंदा ठरलं, दोन तारखेची प्रार्थना सगळ्यांनी मिळून.
ठरलं म्हणजे चार मिटिंगा, तीन राजीनामे,
आणि धूप असावा की नसावा यावर
कुरुविल्ला साहेबांचं वाढलेलं बीपी.

मुलाला सांगितलं. तो भाकरी मोडत राहिला.
हार्डवेअरच्या दुकानावर, पत्र्याखाली त्याची फेलोशिप भरते,
साठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ड्रमसेट.
म्हणाला, बाबा, हीच ती खूण.
शेवटच्या दिवसांत सगळ्या मंडळ्या एक होतील,
एकाच आसनापुढे वाकतील,
आणि त्या आसनावर देव नसेल.
तुम्ही कशावर सही करू नका.

अरे, मी म्हटलं, आमचं धुपावर एकमत होत नाही,
श्वापदावर कसं होईल?

तो हसला नाही.
लहानपणी हसायचा. ऑफिसात यायचा शाळा सुटल्यावर,
तारखेच्या शिक्क्याचे ठप्पे मारून घ्यायचा
उजव्या हातावर, कपाळावर,
आणि टपालाच्या पोत्यात पाय घालून म्हणायचा,
मला पाठवा ना, मला पाठवा.

आता म्हणाला, एका रात्री आम्ही नसू, बाबा.
चादर असेल. चष्मा असेल. मोबाईल चार्जिंगला.
तुम्ही मागे राहाल.
आवाज चिरकला त्याचा. धमकी नव्हती ती.
जत्रेत हात सुटलेलं पोर बोलावं तसा बोलला,
फक्त हरवणार मी होतो.

बरं, मी म्हटलं. कुणी मागे राहायला हवंच.
दूधवाल्याचे पैसे कोण देणार?
आणि तुझी आई, नळाजवळ, बेचाळीस नंबर,
तिच्या ओळीतले उठणार की नाही?

त्यानं पाणी प्यायलं.
आईचं वेगळं, म्हणाला.
शास्त्रात कुठे, ते मी विचारलं नाही.

दोन तारखेला माणसं आली, मोजून त्रेसष्ट.
धूप गेटापासून नळापर्यंत जळला, पुढे विझवला,
हा तोडगा फादर रुमाव यांचा.
प्रार्थना चार भाषांत झाली,
आमेनसुद्धा मागेपुढे,
कुणाचं आखूड, कुणाचं लांबत गेलेलं.
मेणबत्त्या वाऱ्यानं टिकेनात.
सुलभाच्या दगडावर मी माझा हात आडवा धरून बसलो होतो.

तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला.
रोजचाच, सहाचा, पाळी सुटल्याचा.
पण झाला तो टेकडीवर आपटून, आभाळातून आल्यासारखा,
आणि सातही मंडळ्यांनी
एकदम वर पाहिलं.

कुरुविल्ला साहेबांनी. फादरांनी. जॉनी खड्डेवाल्यानं, फावडं धरून.
मीही.

खाली पाहिलं तेव्हा गेटाबाहेर तो दिसला,
मोटारसायकलवर, इंजिन चालू, हेल्मेटची काच वर.
आत आला नव्हता.
तोही वर पाहत होता.
मग मान फिरवून कबरींच्या ओळींतून शोधू लागला
मी आहे का अजून.

मी चाव्यांचा जुडगा वर करून हलवला.

रात्री रजिस्टर लिहायला घेतलं,
उपस्थितीच्या रकान्याशी अडलो :
गेटाबाहेरचा धरायचा की नाही?
जागा कोरी सोडली आहे.
विषय पुढच्या मिटिंगला.